किलो, पौंड आणि स्टोन: शरीराच्या वजनाचे रूपांतर कसे करावे

एकाच प्रौढ व्यक्तीचे वजन एका वजनकाट्यावर ७०, दुसऱ्यावर १५४ आणि तिसऱ्यावर ११ असे दिसू शकते आणि तरीही तिन्ही काटे बरोबर असू शकतात. पहिला काटा किलोग्रॅम दाखवत असतो, दुसरा पौंड आणि तिसरा स्टोन. दुसऱ्या देशातल्या दवाखान्याचा अर्ज भरताना, व्यायामाचे इंग्रजी वेळापत्रक वाचताना किंवा दूरच्या नातेवाइकांनी कळवलेले बाळाचे जन्मवजन समजून घेताना या एककांशी ज्यांची पहिल्यांदाच गाठ पडते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. रूपांतरासाठी लागणारा गुणाकार शाळेत शिकलेलाच आहे आणि त्यात सहसा कोणी चुकत नाही. चुका होतात त्या दोन ठिकाणी: आकड्यापुढे एकक न लिहिल्यामुळे आणि स्टोन-पौंड किंवा पौंड-औंस अशी जोडवजने दशांश अपूर्णांकासारखी वाचल्यामुळे. म्हणून खाली या दोन जागांवर मी जास्त वेळ थांबलो आहे आणि बाकीचा भाग आवश्यक तेवढाच ठेवला आहे.

एककांची ओळख

मेट्रिक म्हणजे दशमान पद्धतीत शरीराचे वजन किलोग्रॅममध्ये मोजतात आणि एका किलोग्रॅमचे १००० ग्रॅम होतात. इम्पीरियल पद्धतीत मूळ एकक पौंड आहे. एका पौंडाचे १६ औंस होतात आणि १४ पौंडांचा एक स्टोन होतो. १६ आणि १४ हे दोन आकडे पाठ करून ठेवावेत, कारण इम्पीरियल पद्धतीत दहाच्या पटीचा आधार मिळत नाही आणि पुढची सगळी आकडेमोड या दोन आकड्यांवर उभी आहे.

अमेरिकेत माणसाचे वजन नुसत्या पौंडांत सांगतात, तिथे स्टोन वापरत नाहीत. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मात्र रोजच्या बोलण्यात ‘अकरा स्टोन चार पौंड’ असे वजन सांगण्याची पद्धत अजून टिकून आहे, जरी तिथल्या दवाखान्यांतील नोंदी किलोग्रॅममध्ये होत असल्या तरी. कॅनडाने मेट्रिक पद्धत स्वीकारून अनेक दशके झाली, पण तिथे पुष्कळ लोक स्वतःचे वजन पौंडांतच सांगतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत नवजात बाळाचे वजन पौंड आणि औंसांत सांगण्याची सवयही अद्याप गेलेली नाही.

नवख्या माणसाला एक शंका हमखास येते: अमेरिकेचा पौंड आणि ब्रिटनचा पौंड वेगळे आहेत का? या दोन देशांचे गॅलन वेगळे आहेत, टनही वेगळे आहेत, त्यामुळे शंका रास्त आहे. पण पौंड मात्र एकच आहे. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी मिळून एक पौंड म्हणजे नेमके ०.४५३५९२३७ किलोग्रॅम असे ठरवले. हा मोजून काढलेला अंदाज नाही; पौंडाची व्याख्याच किलोग्रॅमच्या आधाराने केलेली आहे, त्यामुळे या आकड्यापुढे आणखी दशांश स्थळे शोधण्याची गरज उरत नाही. खुद्द किलोग्रॅमची व्याख्या २० मे २०१९ पासून बदलली आणि फ्रान्समध्ये जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलाऐवजी प्लांक स्थिरांक या भौतिकशास्त्रातल्या कधीही न बदलणाऱ्या राशीवर बसवली गेली, पण ती इतक्या काळजीने केली गेली की घरातल्या काट्यावरच्या आकड्यात काहीही फरक पडला नाही.

वजनकाट्यावर किंवा अर्जावर पौंडासाठी रोमन लिपीतील ‘एल’ आणि ‘बी’ ही अक्षरे असतात, औंसासाठी ‘ओ’ आणि ‘झेड’, तर स्टोनसाठी ‘एस’ आणि ‘टी’. हस्ताक्षरात ‘एल’ हे अक्षर १ या आकड्यासारखे दिसू शकते. त्यामुळे हाताने लिहिलेली नोंद वाचताना आकडा कुठे संपतो आणि एकक कुठे सुरू होते हे नीट पाहावे.

किलोवरून पौंड

नेमके उत्तर हवे असेल तर किलोग्रॅमच्या आकड्याला २.२०४६ ने गुणावे. ५८ किलोचे १२७.८७ पौंड होतात, ८३ किलोचे १८२.९८.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर तोंडी हिशोब असा करावा: आकड्याची दुप्पट करावी आणि त्या दुपटीचा दहावा भाग तिच्यातच मिळवावा. ७० ची दुप्पट १४०, तिचा दहावा भाग १४, बेरीज १५४. खरे उत्तर १५४.३२ आहे, म्हणजे चूक पाव पौंडाहून थोडीच जास्त. या रीतीने येणारे उत्तर नेहमी किंचित कमीच येते आणि ती कमतरता दर १०० किलोमागे साधारण अर्धा पौंड असते. वजन ९० किंवा १०० किलोच्या आसपास असेल तर शेवटी अर्धा पौंड मिळवावा, उत्तर जवळजवळ अचूक होते.

पौंडावरून किलो

इथे नेमका गुणक ०.४५३६ आहे. १८७ पौंडांचे ८४.८२ किलो होतात. कॅल्क्युलेटरवर २.२०४६ ने भागले तरी तेच उत्तर येते. कोणता आकडा लक्षात ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावे, पण दोन्हींपैकी एकच लक्षात ठेवावा आणि दुसऱ्या दिशेने जाताना गुणाकाराऐवजी भागाकार करावा, म्हणजे दोन आकड्यांची अदलाबदल होण्याची भीती राहत नाही.

तोंडी हिशोबासाठी ‘निम्मे करा आणि दहा टक्के वजा करा’ अशी रीत सर्रास सांगितली जाते. ती सोपी आहे, परंतु वाटते तेवढी अचूक नाही. १८७ चे निम्मे ९३.५, त्यातून दहावा भाग, म्हणजे ९.३५, वजा केला की ८४.१५ उरतात. खरे उत्तर ८४.८२ आहे, म्हणजे दोन तृतीयांश किलोची तूट आली. किलोवरून पौंडाकडे जाताना जी रीत इतकी चांगली चालली ती उलट दिशेने का ढिली पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. दुपटीत तिचा दहावा भाग मिळवला की मूळ दहा भागांचे अकरा भाग होतात. परत यायचे तर त्या अकरा भागांतला एक भाग काढायला हवा, म्हणजे दहावा नव्हे तर अकरावा भाग वजा करायला हवा.

तेव्हा अधिक चांगली रीत अशी: निम्मे करावे आणि त्या निम्म्याचा अकरावा भाग वजा करावा. ९३.५ चा अकरावा भाग ८.५, वजाबाकी ८५. खरे उत्तर ८४.८२ असल्याने चूक आता पाव किलोच्याही आत आली. १५४ पौंड घेतले तर निम्मे ७७, अकरावा भाग ७, उत्तर ७०. १६५ घेतले तर निम्मे ८२.५, अकरावा भाग ७.५, उत्तर ७५. अकराने भागणे ज्यांना अवघड जाते त्यांनी दहा टक्क्यांची रीतच वापरावी आणि दर १०० पौंडांमागे सुमारे एक तृतीयांश किलो शेवटी मिळवावा. दोन्ही वाटांनी उत्तर रोजच्या वापराला पुरेल इतके जवळचे येते.

स्टोनचा हिशोब

स्टोनमधले वजन बहुधा दोन आकड्यांत सांगितले जाते: पूर्ण स्टोन आणि वर उरलेले पौंड. ‘नऊ स्टोन अकरा पौंड’ हे त्याचे पूर्ण रूप. रूपांतर करताना माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: आधी सगळे पौंडांत आणावे, मग किलोत जावे. स्टोनवरून थेट किलोत जाणाऱ्या आडवाटा आहेत आणि त्या चुकीच्याही नाहीत, पण नवख्या माणसाचा पाय तिथेच घसरतो.

पायऱ्या अशा. ९ ला १४ ने गुणले, १२६ पौंड झाले. त्यात वरचे ११ मिळवले, १३७ पौंड झाले. आता १३७ ला ०.४५३६ ने गुणले, ६२.१४ किलो झाले. तीन कृतींत हिशोब संपतो.

आता हेच वजन कोणी घाईत ९.११ असे लिहिले तर काय होते ते पाहावे. कॅल्क्युलेटरला ९.११ हा आकडा नऊ स्टोन आणि एका स्टोनचे शंभरातले अकरा भाग असा वाटतो. त्याचे पौंड होतात १२७.५४ आणि किलो होतात ५७.८५. खऱ्या वजनापेक्षा हे उत्तर ४ किलोहून अधिक कमी आहे. खरे पाहता नऊ स्टोन अकरा पौंड म्हणजे दशांशात ९.७९ स्टोन, कारण ११ भागिले १४ म्हणजे ०.७९. चार किलोंची ही तूट डोळ्यांना खटकत नाही, कारण ५८ आणि ६२ हे दोन्ही आकडे माणसाच्या वजनाला शोभणारेच आहेत. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे नोंदवहीत तशीच राहू शकते.

स्प्रेडशीटमध्ये वजने भरणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावे. नऊ स्टोन दहा पौंड हे वजन कोणी ९.१० असे टाइप केले की स्प्रेडशीट शेवटचे शून्य निरर्थक समजून गाळते आणि चौकोनात ९.१ उरते. नंतर ती नोंद वाचणाऱ्याला ती नऊ स्टोन एक पौंड वाटते. पहिले वजन ६१.७ किलो आहे, दुसरे ५७.६. यावर उपाय एकच आहे: स्टोनसाठी एक रकाना आणि पौंडांसाठी दुसरा रकाना ठेवावा आणि कागदावर लिहिताना मध्ये बिंदू देऊ नये, एककांची नावे लिहावीत.

उलट दिशेचा प्रवास थोडा लांबचा आहे. समजा वजन ६४.५ किलो आहे. प्रथम पौंड काढावेत: ६४.५ गुणिले २.२०४६ म्हणजे १४२.२ पौंड. त्याला १४ ने भागावे, पण शाळेत पहिल्यांदा शिकलो तसे, भागाकार आणि बाकी वेगळे ठेवून: १४ दाहे १४०, बाकी २.२. म्हणून वजन दहा स्टोन दोन पौंड. कॅल्क्युलेटरने सरळ भागाकार केला तर पडद्यावर १०.१५७ दिसेल आणि ते ‘दहा स्टोन पंधरा पौंड’ वाचण्याचा मोह होईल. पंधरा पौंड हे स्टोनच्या वर कधीच उरू शकत नाहीत, कारण चौदा झाले की पुढचा स्टोन पूर्ण होतो. कॅल्क्युलेटरच वापरायचा असेल तर बिंदूनंतरचा भाग, म्हणजे ०.१५७, पुन्हा १४ ने गुणावा, उत्तर २.२ येते आणि तेच वरचे पौंड.

शेवटच्या टप्प्यावर आणखी एक बारीक गोष्ट आहे. ७६.२ किलोचे पौंड होतात १६७.९९. चौदाने भागल्यावर ११ स्टोन आणि बाकी १३.९९ येते. बाकी पूर्णांकात आणली की १४ होते आणि ‘अकरा स्टोन चौदा पौंड’ असे कधीही न बोलले जाणारे वजन तयार होते. ते बारा स्टोन असे लिहायला हवे. म्हणून पौंड आधी पूर्णांकात आणावेत, म्हणजे १६८ करावेत आणि मगच चौदाने भागावे. मग हा प्रश्न उद्भवतच नाही.

काही आधाराचे आकडे डोक्यात असले की उत्तर बरोबर आहे की नाही हे पटकन कळते. दहा स्टोन म्हणजे १४० पौंड, म्हणजे साडेत्रेसष्ट किलो. अकरा स्टोन म्हणजे १५४ पौंड, म्हणजे जवळजवळ ७० किलो. बारा स्टोन म्हणजे १६८ पौंड, म्हणजे ७६ किलोंहून थोडे जास्त. किलोच्या बाजूने पाहिले तर ५० किलो म्हणजे ११० पौंड आणि तेच सात स्टोन बारा पौंड. १०० किलो म्हणजे २२० पौंड आणि थोडे वर, म्हणजे पंधरा स्टोन दहा पौंड. मधल्या वजनांसाठी दर दहा किलोंना २२ पौंड, म्हणजे एक स्टोन आठ पौंड, असे पुढे सरकत जावे.

नवजात बाळाचे वजन

बाळाच्या बाबतीत दशांशाची हीच गफलत अधिक गंभीर ठरते, कारण मुळात वजनच तीन-साडेतीन किलोचे असते. ‘सात पौंड आठ औंस’ हे वजन घ्या. आठ औंस म्हणजे सोळापैकी आठ, म्हणजे अर्धा पौंड. बाळ साडेसात पौंडांचे आहे, ७.८ पौंडांचे नाही. इथेही आधी सगळे लहान एककात आणावे: ७ गुणिले १६ म्हणजे ११२ औंस, त्यात ८ मिळवून १२० औंस. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, त्यामुळे बाळाचे वजन ३४०२ ग्रॅम. ते ७.८ पौंड समजले असते तर ३५३८ ग्रॅम आले असते. फरक १३६ ग्रॅमचा आहे आणि तो बाळाच्या वजनाच्या चार टक्के आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि ते किती टक्क्यांनी उतरले यावर डॉक्टर आणि परिचारिका लक्ष ठेवून असतात. तिथे नोंदीतल्या चुकीमुळे चार टक्क्यांची खोटी घट दिसणे हे पालकांना विनाकारण घोर लावणारे आहे.

ग्रॅमवरून पौंड-औंसांत जाताना ग्रॅमला २८.३५ ने भागून आधी औंस काढावेत आणि मग सोळाने भागून बाकी ठेवावी. ३१०० ग्रॅमचे १०९.३५ औंस होतात. सोळा सक ९६, बाकी १३. म्हणून सहा पौंड तेरा औंस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे नवजात बाळ ‘कमी जन्मवजनाचे’ समजले जाते. पाच पौंड आठ औंसांचे बाळ ८८ औंसांचे, म्हणजे २४९५ ग्रॅमचे असते. हा आकडा किलोत आणून ‘अडीच किलो’ असा गोळाबेरीज लिहिला की तेच बाळ रेषेच्या दुसऱ्या बाजूला गेलेले दिसते. म्हणून बाळाचे वजन नेहमी पूर्ण ग्रॅममध्ये लिहावे. किलोत एका दशांश स्थळापर्यंत आणू नये.

आकडा कुठवर छाटावा

सर्वसाधारण नियम असा की छाटणी शेवटी आणि एकदाच करावी. मधल्या पायऱ्यांत दशांश स्थळे राहू द्यावीत आणि अंतिम उत्तर मूळ मोजणीइतकेच बारीक ठेवावे. कोणी ‘मी अकरा स्टोनांचा आहे’ असे सांगितले तर त्याचे ६९.८५३ किलो लिहिण्यात अर्थ नाही, कारण सांगणाऱ्याने स्वतःच एक-दोन पौंड इकडेतिकडे धरलेले असतात. ७० किलो पुरे. उलट काट्याने १५९.६ पौंड दाखवले असतील तर ७२.४ किलो असे एका दशांश स्थळापर्यंत लिहावे.

पुन्हा पुन्हा एकक बदलत राहिल्याने मात्र नोंद हळूहळू बिघडते. ७२.४ किलोचे १५९.६१ पौंड होतात. कोणी ते १६० असे पूर्णांकात लिहिले आणि पुढे दुसऱ्याने १६० चे पुन्हा किलो केले, तर ७२.६ येतात. व्यक्तीचे वजन जराही बदललेले नसताना कागदावर २०० ग्रॅमची वाढ दिसू लागते. आठवड्याला थोडेथोडे वजन कमी करू पाहणाऱ्याला एवढी खोटी वाढही निराश करायला पुरेशी असते. म्हणून आपली नोंद कायम एकाच एककात ठेवावी आणि दुसरे एकक फक्त कोणाला सांगायचे असेल तेव्हाच काढावे.

वजनातला फरक बदलायचा असेल तर तोच गुणक लागतो. तापमानात सेल्सिअसवरून फॅरनहाइटला जाताना ३२ मिळवावे लागतात, त्यामुळे तापमानातल्या फरकाचा हिशोब वेगळा होतो. वजनात असे काही नाही. शून्य किलो म्हणजे शून्य पौंडच. पाच पौंड वजन घटले म्हणजे २.२७ किलो घटले. ‘आठवड्याला दोन पौंड’ असे कुठे वाचले तर ते ०.९ किलो समजावे, दोन किलो नव्हे.

जिथे अंदाज चालत नाही

औषधाची मात्रा हे त्याचे पहिले उदाहरण आहे. लहान मुलांना पुष्कळ औषधे वजनाच्या प्रमाणात, म्हणजे दर किलोमागे इतके मिलिग्रॅम अशी दिली जातात. समजा मुलाचे वजन ३३ पौंड, म्हणजे १५ किलो आहे आणि औषध दर किलोला १५ मिलिग्रॅम द्यायचे आहे. बरोबर मात्रा २२५ मिलिग्रॅम. अर्जावर नुसते ‘३३’ लिहिलेले असेल आणि वाचणाऱ्याने ते किलो समजले, तर मात्रा ४९५ मिलिग्रॅम होते, म्हणजे दुपटीहून जास्त. औषधासाठी वजन सांगताना ते किलोतच सांगावे, शक्य असेल तर किलो दाखवणाऱ्या काट्यावर त्याच वेळी मोजून घ्यावे, आणि तोंडी रीतीने काढलेला आकडा तिथे देऊ नये. रूपांतर करावेच लागले तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला मूळ आकडा त्याच्या एककासह सांगावा आणि त्यांच्याकडूनच हिशोब करून घ्यावा.

पौंड आणि किलो यांची अदलाबदल किती दूरवर जाऊ शकते याचे एक नोंदलेले उदाहरण विमान वाहतुकीतले आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचे इंधन उड्डाणात मध्येच संपले, कारण इंधनाचे वजन काढताना किलोच्या जागी पौंडाचा गुणक वापरला गेला आणि टाक्यांत गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. वैमानिकांनी बंद इंजिनांचे विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या हवाई तळावर सुखरूप उतरवले. हिशोब करणारे सगळे प्रशिक्षित होते. आकड्याबरोबर त्याचे एकक पुढे गेले नाही, एवढेच घडले होते.

वजनगटांच्या खेळांतही नेमकेपणा लागतो. व्यावसायिक मुष्टियुद्धात वेल्टरवेट गटाची मर्यादा १४७ पौंड आहे, म्हणजे ६६.६८ किलो. दहा टक्के वजा करण्याच्या रीतीने ती ६६.१५ किलो येते. ६६.५ किलोचा खेळाडू या चुकीच्या आकड्यावर विसंबला तर आपण मर्यादेबाहेर आहोत असे समजून तो गरज नसताना आणखी वजन उतरवू लागेल. अशा ठिकाणी ०.४५३५९२३७ हा पूर्ण आकडाच वापरावा.

काटा आणि अ‍ॅप

इलेक्ट्रॉनिक काट्यांना बहुधा खालच्या बाजूला एकक बदलण्याचे छोटे बटण असते आणि काटा उचलताना किंवा सरकवताना ते नकळत दाबले जाते. काट्यावरचा आकडा अचानक दुपटीहून थोडा जास्त किंवा निम्म्याहून थोडा कमी दिसला तर आधी पडद्याच्या कोपऱ्यातले एकक पाहावे. हाच नियम स्वतःचा हिशोब तपासायलाही उपयोगी पडतो: पौंडांचा आकडा नेहमी किलोच्या दुपटीहून थोडा मोठा असतो आणि स्टोनचा आकडा किलोच्या सहाव्या भागाहून थोडा लहान. उत्तर या चौकटीत बसत नसेल तर गुणाकाराच्या जागी भागाकार झालेला आहे.

रूपांतराच्या अ‍ॅपमध्ये एकक निवडताना नावे पूर्ण वाचावीत. ‘ट्रॉय औंस’ हे सोन्याचांदीसाठीचे एकक आहे आणि ते ३१.१ ग्रॅमचे असते. ‘फ्लुइड औंस’ तर वजनाचे एककच नाही, ते द्रवाच्या आकारमानाचे आहे. ‘पौंड-फोर्स’ हे बलाचे एकक आहे. शरीराच्या वजनासाठी साधा औंस आणि साधा पौंडच निवडावा.

उंचीची जोड

वजनाबरोबर बहुतेक वेळा उंचीही विचारली जाते, विशेषतः बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय काढण्यासाठी. मेट्रिक पद्धतीत वजनाच्या किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात. पौंड आणि इंच असतील तर पौंडांना ७०३ ने गुणून इंचांच्या वर्गाने भागतात; हा ७०३ म्हणजे पौंडाचा किलोशी आणि इंचाचा मीटरशी असलेला संबंध एकत्र केल्यावर येणारा आकडा आहे. १५४ पौंड वजन आणि पाच फूट सात इंच उंची घेतली तर उंची ६७ इंच आणि बीएमआय २४.१. तेच वजन ६९.८५ किलो आणि उंची १.७०२ मीटर धरून काढले तरी २४.१ येतो. मात्र पाच फूट सात इंच म्हणजे ५.७ फूट नव्हे, ५.७ फूट म्हणजे ६८.४ इंच आणि त्यावरून काढलेला बीएमआय २३.१ येतो. किलोमध्ये वजन आणि इंचात उंची अशी सरमिसळ कधीही करू नये. दोन्ही मापे एकाच पद्धतीत आणूनच सूत्रात घालावीत.

जुन्या नोंदी बदलताना

अनेक वर्षांच्या पौंडांतल्या नोंदी किलोत आणायच्या असतील तर स्प्रेडशीटमध्ये पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात मूळ आकडा, तिसऱ्यात त्याचे एकक शब्दांत आणि चौथ्यात किलो असे चार रकाने करावेत. स्टोनमधल्या नोंदी असतील तर मूळ आकड्यासाठी दोन रकाने ठेवावेत. चौथ्या रकान्यात ०.४५३५९२३७ ने गुणण्याचे सूत्र द्यावे आणि दिसणारा आकडा एका दशांश स्थळापर्यंत ठेवावा, आत मात्र पूर्ण आकडा राहू द्यावा. मग वरून खाली नजर टाकावी आणि जिथे दोन लागोपाठच्या नोंदींत चार-पाच किलोंची उडी दिसेल तिथे मूळ कागद काढून पाहावा, कारण ती उडी बहुधा स्टोनच्या बिंदूतून आलेली असते. मूळ रकाना रूपांतर पूर्ण झाल्यावरही पुसू नये.